पत्ता आधी, नाव नंतर

पोळ्याच्या आसपास नागपूरच्या भाजीबाजारात एक वेगळीच टोपली दिसू लागते. मेथी-पालकाच्या ढिगांपासून जरा बाजूला, पळसाच्या पानांवर मांडलेले पांढुरके, राखाडी डोक्यांचे आणि मातकट देठांचे गुच्छ. शेजारी भंडारा किंवा गडचिरोलीकडून पहाटेच्या गाडीने आलेली एखादी बाई. टोपली फार मोठी नसते आणि दुपारपर्यंत उरतही नाही. भाव विचारून बरेच लोक पुढे जातात, कारण तेवढ्या पैशांत मटण येतं. जाणणारे मात्र भाव करत नाहीत. हा माल उद्या मिळेलच असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

भंडारा-गोंदियाकडे यांना सात्या म्हणतात, गडचिरोली-चंद्रपूरकडे टेकोडे हा शब्द कानावर येतो. पुस्तकात अळिंबी किंवा भूछत्र. शहरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी एकच नाव असतं, कुत्र्याची छत्री, आणि त्या नावातच निम्मा तिरस्कार भरलेला आहे. मीही त्याच नावाखाली वाढलो. म्हणून पहिल्यांदा टोपलीपाशी थांबलो तेव्हा जो प्रश्न सगळे विचारतात तोच विचारला, ‘‘मावशी, विषारी तर नाहीत ना?’’

‘‘वारुळावरच्या हाय जी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मांगच्या साली जिथं निघाल्या, त्याच जागच्या.’’

तेव्हा वाटलं, बाईंनी प्रश्न टाळला. पुढे चार पावसाळे टेकड्या-बागांमधून वाकून हिंडल्यावर कळलं की उत्तर बरोबर होतं, प्रश्नच चुकीचा होता. ‘विषारी कोणतं आणि बिनविषारी कोणतं’ याची एकच कसोटी निसर्गाने ठेवलेली नाही. मावशींकडेही तशी कसोटी नव्हती. त्यांच्याकडे पत्ता होता: कोणतं वारूळ, कोणता पंधरवडा, जमिनीतून वर की लाकडातून. रानातली अळिंबी ओळखायची म्हणजे आधी तिचा पत्ता शिकायचा. नाव मागाहून येतं.

कसोट्या तशा पुष्कळ सांगितल्या जातात. शिजवताना चांदीचा चमचा टाका, काळा पडला तर विष. लसूण टाका, रंग बदलला तर फेका. किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसाला चालते. पांढरी सात्त्विक, रंगीत वाईट. यातली एकही खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकामुळे आणि अळिंबीच्या घातक विषांचा गंधकाशी असा संबंध येत नाही. जी अळिंबी माणसाचं यकृत निकामी करते ती गोगलगायी खुशाल कुरतडतात, त्यांचं शरीरच वेगळं. रंगाचं म्हणाल तर जगातल्या सर्वांत घातक अळिंब्यांपैकी काही शुभ्र पांढऱ्या आहेत. उकळून किंवा वाळवून विष जातं हा समजही तितकाच पोकळ आहे. अमॅटॉक्सिन नावाचं विष शिजवल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही.

मग मावशींच्या त्या वारुळात असं काय आहे?

वाळवीला लाकूड खाणारी कीड म्हणून आपण ओळखतो. आपल्या शेताच्या धुऱ्यांवर उंच वारुळं उभारणाऱ्या वाळवीला मात्र शेतकरी म्हणणं जास्त बरोबर. लाकूड आणि पालापाचोळा नीट पचवणं तिला एकटीला जमत नाही. कामकरी वाळव्या तो कुरतडून पोटात घालतात आणि अर्धवट पचलेल्या स्वरूपात वारुळाच्या आतल्या दालनांत थर लावून ठेवतात. त्याच्यासोबत एका बुरशीचे बीजाणूही पेरले जातात. अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र अशी एक बाग तयार होते. बुरशी लाकडातला चिवट भाग फोडते, त्यावर पांढरे बारीक मणी धरतात आणि वाळवी ते मणी आणि जुना झालेला थर खाते. या बुरशीच्या प्रजातीला फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली टर्मिटोमायसिस हे नाव दिलं, म्हणजे सरळ सरळ वाळवीची बुरशी. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली असावी असा अंदाज आहे. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची.

पाऊस मुरला, जमीन आतपर्यंत भिजली आणि हवेत ऊब राहिली की ही बुरशी फळावर येते. फळ म्हणजेच सात्या. बाग जमिनीखाली, कधी हातभर खोल, म्हणून देठाला खाली एक लांब मुळासारखं शेपूट असतं. ते मातीतून वाट काढत वर येतं आणि त्यासाठी टोपीच्या मधोमध एक टोकदार उंचवटा असतो, जणू माती भेदायला घातलेलं शिरस्त्राण. हे शेपूट आणि हा उंचवटा या मोठ्या सात्यांच्या दोन ठळक खुणा. पण नुसती खेचून उपटली की शेपूट तुटून मातीत राहतं आणि निम्मी ओळख तिथेच गाडली जाते. म्हणून जाणती माणसं बोटांनी किंवा काडीने माती मोकळी करत जातात.

एक बारीक जातही आहे, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. टोपी बोटाच्या पेराएवढी, पण एका जागी शेकड्यांनी. तिला लांब शेपूट नसतं, कारण वाळवी बागेचे तुकडे स्वतःच जमिनीच्या तोंडाशी आणून टाकते आणि तिथेच ही उगवते. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतली टर्मिटोमायसिस टायटॅनिकस, जिची टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. घर एकच, वाळवीचं.

ही अळिंबी महाग का, याचं उत्तरही इथेच आहे. ढिंगरी भुशाच्या पिशवीत येते, बटन मशरूम खताच्या वाफ्यात येतं, दोन्ही वर्षभर मिळतात. सात्या मात्र आजवर कुणाला व्यापारी पद्धतीने पिकवता आलेल्या नाहीत. बुरशी प्रयोगशाळेत वाढते, पण टोपी धरायला तिला वाळवीची सोबत लागते. गोव्यात याच कुळाला रोयणीची अळमी म्हणतात. ‘रोयण’ म्हणजे वारूळ. तिथे ती पानांच्या पुड्यांत नगावर विकली जाते आणि तिथलेच कवकतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले आहेत की वारुळं उकरू नका, सगळीच्या सगळी तोडू नका, काही बीजाणू उधळायला राहू द्या. विदर्भात अशी ओरड फारशी ऐकू येत नाही. नागपंचमीला वारुळाची पूजा करायची आणि उरलेलं वर्ष ते सपाट करून प्लॉट पाडायचे, हा व्यवहार शहराच्या सगळ्या कडांवर बिनबोभाट चालू आहे.

वारुळाशी जाताना दोन पाहुण्यांचं भान ठेवावं लागतं. साप वारुळाची भोकं खरोखरच वापरतात, तेव्हा भोकात हात घालायचा नाही. आणि नागझिरा, गडचिरोलीच्या बाजूला वाळवीवर ताव मारायला येणारं अस्वल. सात्यांची टोपली महाग वाटते तेव्हा हे दोघे आठवावेत.

पत्त्याचा दुसरा भाग जंगलाचा. इथे मला नागपूरचा एक फायदा दिसतो, जो पुस्तकं सहसा सांगत नाहीत, कारण ती बहुतेक युरोप-अमेरिकेच्या जंगलांवरून लिहिलेली असतात. झाडांच्या मुळांशी बुरशींची भागीदारी असते. झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि स्फुरद मिळवून देते. या भागीदारीचे दोन मोठे प्रकार आहेत. ओक, पाइन, साल या झाडांशी जोडलेल्या बुरशी जमिनीवर छत्र्या काढतात आणि अमॅनिटा या बदनाम कुळातल्या अनेक जाती याच गटातल्या आहेत. साग, बांबू, मोह, तेंदू यांच्या मुळांतली बुरशी वेगळी. ती छत्री काढतच नाही. तिचा सगळा संसार मातीखाली, डोळ्यांना न दिसणारा. आपल्याकडचं जंगल मुख्यतः सागाचं, म्हणून इथे पावसाळ्यात जे दिसतं त्यातलं बरंचसं लाकूड, पाला, शेण कुजवणारं किंवा वाळवीचं असतं.

पूर्वेला छत्तीसगडच्या सालवनात शिरलात की चित्र बदलतं. तिथे सालाच्या मुळांशी जमिनीत गोल गोटीसारखं ‘बोडा’ किंवा ‘पुटू’ मिळतं आणि त्याला सोन्याचा भाव येतो. तेच डोकं घेऊन कुणी नागपूरला परत आला आणि निलगिरीच्या रोपवनात गोल गोट्या वेचू लागला तर पंचाईत. निलगिरीच्या मुळांशी स्क्लेरोडर्मा नावाची गोटी येते, जाड सालीची, चिरली की आत जांभळट काळी. खाल्ली तर उलट्या. झाड बदललं की पत्ता बदलला आणि पत्ता बदलला की जुनी ओळख कामाची नाही.

पत्ता चुकल्याची सर्वांत करुण उदाहरणं परदेशात घडतात. आशियात भाताच्या तणसावर उगवणारी अळिंबी घराघरांत खाल्ली जाते. आपल्या भातपट्ट्यातही तणसाच्या ढिगावर ती येते. कोवळी असताना अंड्यासारखी, मोठी झाली की देठाच्या बुडाशी फाटक्या पिशवीचा पेला. अगदी असाच पेला युरोपातून जगभर पसरलेल्या अमॅनिटा फॅलॉइडिसलाही असतो, जिला डेथ कॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे २०११ च्या अखेरच्या रात्रीच्या जेवणात ही डेथ कॅप शिजली आणि दोन माणसं दगावली. तणसावरचीच समजून तोडली गेली असावी, असं मानलं जातं. डोळे चुकले नव्हते, दोघी खरंच सारख्या दिसतात. पण एक तणसावर येते आणि दुसरी ओकच्या सावलीत मातीतून.

उगवण्याच्या जागेवरून अळिंबी ओळखण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत या भाज्यांची विभागणी केली आहे ती रंगावरून नाही, तर तणसावरची, उसाच्या चोथ्यावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीवरची अशी. वैद्यालाही आधी पत्ता हवा होता. दुसरीकडे मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या जोडीला ‘कवक’ द्विजांना वर्ज्य ठरवलं. मजा अशी की आजचं मराठी विज्ञान फंगसला हाच शब्द वापरतं. ज्या घरांनी निषेध पाळला त्या घरांत ओळखही पुसली गेली. गोंड, ढिवर, माना अशा घरांमधल्या बायकांनी अळिंबी खाल्ली, म्हणून ओळख त्यांच्याकडे राहिली. पुस्तकी ज्ञान वर आणि टोपलीतलं खाली, ही उतरंड निदान या विषयात तरी उलटी आहे.

पण ज्याला गावची आजी नाही त्याने काय करावं? सेमिनरी हिल्सला पावसात फिरायला जाणाऱ्याने, अंबाझरीच्या काठाने चालणाऱ्याने? मी माझी रीत सांगतो. ती खाण्यासाठी नाही, ओळखीसाठी आहे. एक वही. दिसलेल्या प्रत्येक छत्रीची आधी जागा लिहायची: कुजक्या आंब्याच्या खोडावर, बाभळीच्या बुंध्याशी, शेणात, गवतात. मग ती बुडासकट उकरून काढायची, कारण पेला असेल तर मातीत दडलेला असतो. टोपीखालच्या पात्या देठाला चिकटल्या आहेत की सुटून आहेत ते पाहायचं. देठावर कडं आहे का. उभी चिरली की आत काय दिसतं. नखाने ओरखडल्यावर रंग बदलतो का. वास कसला. कोवळी, भरातली आणि सरलेली अशी तिन्ही वयं मिळाली तर उत्तम, कारण अळिंबी सकाळी एक आणि संध्याकाळी भलतीच दिसते. उकिरड्यावरची कोप्रिनस कुळातली छत्री तर दुपारपर्यंत स्वतःच वितळून काळी शाई होते. पेंच किंवा बोरसारख्या संरक्षित जंगलात मात्र फक्त पाहायचं. तिथून काहीही तोडणं कायद्याने मना आहे.

यानंतर येतो माझ्या मते या छंदातला सर्वांत देखणा प्रयोग, बीजाणूंचा ठसा. टोपी देठापासून कापायची, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पात्या खाली करून ठेवायची, वर वाटी उपडी घालायची आणि झोपायचं. सकाळी वाटी उचलली की कागदावर पात्यांची हुबेहूब नक्षी पडलेली असते, लक्षावधी बीजाणूंनी काढलेली. तिचा रंग पुष्कळ काही सांगतो. सात्यांचा ठसा फिकट गुलाबी, बाजारच्या बटन मशरूमच्या कुळाचा चॉकलेटी, अमॅनिटाचा पांढरा. एकट्या रंगावरही विसंबता येत नाही, कारण एन्टोलोमा नावाच्या कुळाचा ठसाही गुलाबी आणि त्यात विषारी जाती आहेत. फक्त तिच्या पात्या देठाला चिकटलेल्या असतात, सात्यांच्या सुट्या. म्हणून सगळ्या खुणा एकत्र जुळाव्या लागतात, पत्रिकेतले गुण जुळवल्यासारख्या. इथे मात्र छत्तीसपैकी छत्तीस लागतात.

हा ठसा मी पहिल्यांदा घेतला तो आमच्या वसाहतीच्या बागेतल्या छत्र्यांचा. जुलैअखेरची गोष्ट. हिरवळीवर रातोरात वर्तुळात मांडल्यासारख्या पंधरा-सोळा मोठ्या पांढऱ्या छत्र्या, टोपीवर तपकिरी खवले, देठावर सरकणारं कडं. शेजाऱ्यांना त्या फारच आवडल्या. ‘‘हॉटेलात हेच देतात हो,’’ असं म्हणून त्यांनी दोन तोडल्याही. पात्या पांढऱ्या शुभ्र होत्या, तेव्हा रंगाचा नियम मानणाऱ्याला शंका यायचं कारण नव्हतं. मी त्यांना एक रात्र थांबायला सांगितलं. सकाळी वाटीखाली ठसा होता शेवाळी हिरवा.

हिरवा ठसा फार थोड्या अळिंब्यांचा असतो. ही क्लोरोफायलम मोलिब्डायटीस, उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवरची नेहमीची पाहुणी आणि जगात अळिंबीच्या विषबाधेला वारंवार कारण ठरणारी. सहसा जीव घेत नाही, पण तीनेक तासांच्या आत अशा उलट्या-जुलाब लावते की माणूस अळिंबीचं नाव पुन्हा काढत नाही. पात्या पिकल्यावर हिरवट होतात, पण कोवळ्या असताना तोडणाऱ्याला ते कसं कळावं? त्याच पावसाळ्यात फोनमधला तिचा फोटो मी टोपलीवाल्या मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. ‘‘हे आम्ही तोडत नाही.’’ नाव काय, असं विचारलं. ‘‘तोडतच नाही, तं नाव कायचं?’’

विषबाधेचं वेळापत्रक मात्र प्रत्येकाला पाठ हवं. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर त्रास मोठा, पण बहुधा निभावतो. खरी भीती उशिरा येणाऱ्या उलट्यांची आहे. अमॅटॉक्सिन सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, गप्प बसतं. मग जुलाब-उलट्या होतात, त्या ओसरतात, माणूस बरा वाटायला लागतो आणि नेमकं त्याच दिवसांत आत यकृत निकामी होत असतं, कारण पेशींना प्रथिनं बनवण्याचा आदेश पोचवणारी यंत्रणाच हे विष बंद पाडतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबणं हीच इथली जीवघेणी चूक. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसाममध्ये रानातली अळिंबी खाऊन काही दिवसांतच १३ माणसं गेली. शंका आली की लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं आणि भांड्यात उरलेली भाजी किंवा कचऱ्यात टाकलेले देठ सोबत न्यायचे. डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.

हल्ली फोनवर फोटो टाकला की नाव सांगणारी अॅप आली आहेत. वहीत नोंद करायला, पुढे काय वाचावं हे कळायला ती बरी आहेत. पण फोटोला वास नसतो, ठसा नसतो, मातीतलं बूड नसतं. ज्याला खोलात जायचं त्याने नमुना कागदाच्या पिशवीत वाळवून ठेवावा (प्लास्टिकमध्ये सडतो) आणि एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या भांडाराला अजरेकर या मराठी कवकशास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. जगात नाव मिळालेल्या बुरशी दीड लाखाच्या आसपास. २०१७ च्या एका अंदाजानुसार असाव्यात २२ ते ३८ लाख. म्हणजे सेमिनरी हिल्सच्या पाचोळ्यातही नाव न मिळालेलं काही असू शकतं.

चार पावसाळ्यांनंतर मी खात्रीने ओळखतो अशा अळिंब्या अकरा. त्यातली खातो ती एक, तीही मावशींच्या हातची घेतलेली. कांदा, तिखट, मीठ, थोडं तेल. आटेपर्यंत स्वतःच्याच पाण्यात शिजू द्यायची, मसाला कमी.

बागेतल्या त्या हिरव्या ठशाच्या वर्तुळाभोवती मी पहिल्याच वर्षी चार विटा रोवून ठेवल्या होत्या. जमिनीखालची बुरशी बाहेरच्या बाजूला खात खात जाते, म्हणून छत्र्या दरवर्षी कडेकडेला सरकतात. यंदा जुलैत मोजलं तर वर्तुळ विटांच्या बाहेर वीतभर गेलं होतं आणि त्याची एक कड शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनापर्यंत पोचली होती.